माँट्रियलच्या नाण्याला लावलेली कडी

यशवंता,

तू गेल्याचं मला गिऱ्हाइकाकडून कळलं. तेही दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. खकनारकडची एक बाई नातवाचे वाळे न्यायला दुकानात बसली होती. तिच्यासोबतचा माणूस सहज बोलावं तसं बोलला, "ते पळायचं शिकवणारे मास्तर गेले ना काल. मोठी गर्दी होती म्हणे तापीवर." मी "हो का" म्हणालो. वाळे तोलले, गुलाबी कागदात गुंडाळले, बाईच्या हातात दिले. दोघं पायरी उतरून गेली. पन्नास वर्षांची आपली ओळख, शनवारा मोहल्ल्यात चार गल्ल्यांच्या अंतरावर आपली घरं, आणि तुला तापीवर नेत होते तेव्हा मी त्याच वाळ्यांना घुंगरू लावत बसलो होतो.

तुझ्या घरून मला कोणी कळवलं नाही. खोटं कशाला बोलू, आधी राग आला, रडू त्याच्यानंतर आलं. आपण दोन वर्षं बोलत नव्हतो हे अख्ख्या सराफ्याला ठाऊक होतं. कशावरून, ते थोड्यांना ठाऊक होतं आणि त्या थोड्यांना हसू यायचं. एका नाण्यावरून दोन म्हातारे अबोला धरतात, काय म्हणावं यांना, असं चालायचं. त्यांना नाणंच दिसत होतं. शाळेच्या फाटकाशी तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी त्याचं एका शब्दात उत्तर दिलं, ते त्यांच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. ते उत्तर बदलायला म्हणून मी आज लिहायला बसलो आहे. तुझा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, हे पेपरात येऊन गेलं. ते पुन्हा लिहिणार नाही. बाकीचं सगळं तुला माहीतच आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. सांगता सांगता मला धीर येईल.

ते नाणं तुला कसं मिळालं तिथून सुरू करतो. कॉलेजात असताना तू अडथळ्यांच्या शर्यतीत प्रांताच्या निवडीपर्यंत पोचला होतास. शेवटच्या अडथळ्याला पाय लागला, तोंडावर आपटलास आणि गुडघा गेला. मग पी.टी.चा मास्तर झालास. त्या दिवसाबद्दल तू माझ्याशी एकदाही बोलला नाहीस, फक्त थंडीत माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून गुडघा चोळायचास. पुढे पंचेचाळिशी उलटल्यावर नेपानगरला मुलांच्या शर्यती घ्यायला गेलास. तिथे कागदाच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक कॅनडाचा इंजिनिअर मैदानाच्या कडेला उभा राहून बघत होता. मुलांना जमेना म्हणून तू स्वतः पँट दुमडून अडथळा ओलांडून दाखवलास, त्याच गुडघ्याने. त्या गोऱ्याने तुझा पत्ता लिहून घेतला. वर्षभराने रजिस्टर पार्सल आलं. आत एक चांदीचं नाणं, दहा डॉलरचं, तळहाताला भरेल एवढं. एका बाजूला राणी. दुसऱ्या बाजूला माँट्रियलच्या ऑलिंपिकसाठी कोरलेला, अडथळ्यावरून झेप घेणारा धावपटू.

ते घेऊन तू सरळ माझ्याकडे आलास. मी सवयीने उचललं आणि दगडावर वाजवलं. तुझा चेहरा असा झाला, जसं काही मी तुझं पोर आपटलं.

"काय करून राहिला तू?"

"आवाज बघून राहिलो. चोख आहे एकदम. चार तोळ्यांच्या वर भरेल."

"तोळे कोण विचारून राहिलं तुले? कडेला धर. दोन बोटांत. मधे हात लावायचा नाही."

"काहून? विरघळते का?"

"घामाचा डाग पडते. पडला की जात नाही."

मी खो खो हसलो. डाग जात नाही असं चांदीबद्दल कोणी मला सांगावं. चिंचेच्या पाण्यात उकळली, रिठ्याने घासली की शंभर वर्षांची काळी पडलेली चांदी मी नव्या नवरीसारखी करून देतो. तेच तुला सांगितलं. तू म्हणालास, "हाव, आणि तिच्या नाकडोळ्याचं काय होते ते कधी पाहिलं का?" मी खरंच पाहिलं नव्हतं. तू खिशातून भिंग काढून माझ्या डोळ्यापुढे धरलंस. टाकसाळीने जसं छापलं तसं ते होतं. धावपटूच्या मांडीवरचा स्नायू दिसत होता, आणि मागची सपाट जागा इतकी स्वच्छ की तिच्यात माझ्या मिशा दिसल्या. चांदीत जन्म गेला माझा, पण चांदीकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. एवढं तुझं देणं मी मान्य करतो.

मग तुला वेडच लागलं. त्या इंजिनिअरने आणखी दोघांचे पत्ते दिले, त्यांना तू पत्रं लिहायला लागलास. आपल्याकडची जुनी तिकिटं, जुने पैसे पाठवायचे आणि तिकडून नाणं मागवायचं. म्यूनिकचं आलं, मेक्सिकोचं आलं, मॉस्कोचं रूबल आलं. तुझी अट एकच, नाणं चांदीचं असावं, मोठं असावं आणि त्यावर माणूस खेळत असावा. दिल्लीला एशियाड झालं तेव्हा शंभर रुपयांचं नाणं निघालं. ते तू सरकारकडून मागवलंस आणि पोस्टमनला इतके महिने छळलंस की तो आपली गल्ली टाळायला लागला. त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मतेचंही नाणं निघालं होतं. मी म्हटलं तेही घे, देशाचं आहे. तू म्हणालास, "यात कोणी पळून नाही राहिलं."

एशियाडचं नाणं आलं त्या दिवशी निम्मा शनवारा तुझ्या ओसरीवर होता. मी हातात घेतलं, या वेळी कडेला धरून, आणि सांगितलं की यात निम्मीच चांदी आहे. तू चिडलास. कागद काढून बघितलास तर त्यावर निम्मीच लिहिली होती. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीस, जसं काही सरकारने नाही, मीच तांबं मिसळलं होतं.

दर रविवारी अंघोळ झाली की तू ती नाणी काढायचास. हात धुवायचास, पुसायचास, पुन्हा पुसायचास. मी समोर बसायचो. मला हात लावायची परवानगी नव्हती, कारण माझ्या बोटांना कायम टाकणखार आणि तेजाब लागलेलं. "तुझे हात चांदीचे दुश्मन," तू म्हणायचास. मी म्हणायचो, चांदी अंगाला लागायला असते. पोराच्या पायात वाळे, नवरीच्या बोटात जोडवी, देवाच्या पुढ्यात वाटी. घासली जाते, झिजते, म्हातारीच्या गळ्यातल्या रुपयावरचा राजा पुसून जातो, तेव्हा ती चांदी कामाला आली. कपाटात झाकून ठेवलेल्या चांदीचा उपयोग काय? तू म्हणायचास की उपयोगाचं सगळं झिजतेच, एखादी गोष्ट तरी जशी झाली तशी राहू दे. हा वाद आपण दहा वर्षं घातला. दोघांपैकी कोणीही तसूभर हललं नाही आणि मला वाटतं दोघांनाही हलायचं नव्हतं.

खकनारकडच्या बाया जुने चांदीचे रुपये घेऊन यायच्या. प्रत्येक रुपयाला वर एक कडी झाळायची, म्हणजे जाळावर वितळवून पक्की जोडायची, आणि सगळे ओवून गळ्यात घालायचे. माझ्या वडलांनी मला पहिलं काम शिकवलं ते हेच, रुपयाला कडी झाळणं. असे हजारो रुपये माझ्या हातून गेले असतील. तू दुकानात आलास की ते माझ्या परातीत पडलेले दिसायचे आणि तू तोंड फिरवायचास. अशा नाण्यांना तू "मेलेली" म्हणायचास. एकदा मी विचारलं, मेडलला पण कडी असतेच ना. तू म्हणालास, "मेडल जिंकणाऱ्याचं असते केशव. त्याले गळ्यातच घालायचं म्हणून बनवतात. नाणं ज्याले ते मिळालं नाही त्याचं असते." मला ते तेव्हा फार मोठं वाटलं नाही. आता वाटतं.

आणि वाद सोडून बाकीचं किती होतं. माझी सुमन नववीनंतर घरी बसणार होती. मी ठरवून टाकलं होतं. तू सलग तीन संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसलास, गिऱ्हाइकं असली तरी उठला नाहीस, आणि एकच वाक्य बोलत राहिलास, "फॉर्म भरायची तारीख शुक्रवार आहे." शेवटी तुला घालवायचं म्हणून मी सही केली. आज ती खंडव्याला मुलींच्या शाळेत शिकवते. तू गेल्याचं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती पहिलं हेच बोलली, "बाबा, काकांशी बोलले होते ना तुम्ही?" मी म्हटलं, हो.

आता तुझ्या निरोपाचा दिवस. तुझ्यासोबत आणखी दोघं रिटायर होत होते. एक गणिताचे, त्यांचे विद्यार्थी बँकेत, कचेरीत, सगळीकडे. त्यांच्यासाठी हार मावेनात. तुझ्या वाट्याला शाल, नारळ आणि एका पाहुण्याचं भाषण, ज्यात त्याने तुला चित्रकलेचा मास्तर केलं. मला हे असं होणार याची आधीच धास्ती होती. म्हणून मी आदल्या दिवशी तुझ्या घरी जाऊन वहिनींकडून माँट्रियलचं नाणं आणलं होतं. त्याला वर कडी झाळली, लाल फीत ओवली. दुसऱ्या दिवशी तुझं नाव पुकारल्यावर मी कोणाला न विचारता स्टेजवर चढलो आणि ते तुझ्या गळ्यात घातलं. माइकवर म्हणालो, या शहरात पळायला ज्याने शिकवलं त्याला कोणी मेडल दिलं नाही, म्हणून हे आमच्याकडून. मुलं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. शिट्ट्या पडल्या. गणिताच्या मास्तरांना एवढं काही मिळालं नाही.

तू मान खाली घालून बघितलंस. दोन बोटांत कडेला धरून उलटं केलंस, सुलटं केलंस. जाळ लागल्यावर चांदी काळवंडते, म्हणून मी ते उकळून, घासून, ब्रश मारून चकचकीत केलं होतं. लांबून बघणाऱ्याला ते नवं कोरं दिसत होतं. तुला दिसलं ते मला तुझ्या तोंडावर दिसलं. सपाट जागेवरचं ते आरशासारखं पाणी गेलं होतं. धावपटूचं नाक बोथट झालं होतं. कडीखाली राणीच्या डोक्यावरची अक्षरं झाळेत बुडाली होती. तू ते सोडलंस, छातीवर पडू दिलंस आणि भाषण केलंस. सगळ्यांचे आभार मानलेस. मुलांना सांगितलंस की पडलात तर आधी उठा, मग मागे बघा. पूर्ण कार्यक्रम ते गळ्यात ठेवलंस, मावा जिलबीची बशी हातात घेऊन मुलांच्या घोळक्यात उभा राहिलास, प्रत्येक पोर ते बोटांनी चाचपत होतं आणि तू एकालाही हटकलं नाहीस.

फाटकाशी आल्यावर तू फीत डोक्यावरून काढलीस, नाणं रुमालात गुंडाळून खिशात ठेवलंस. मग मला विचारलंस, "केशव, तुले माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही. काय झालं?"

तू मान हलवलीस आणि निघालास. मागून हाक मारली तर थांबला नाहीस.

त्यानंतरची दोन वर्षं तुलाही माहीत आहेत. माझ्या दुकानासमोरून जायचास, पण पलीकडच्या बाजूने. वहिनींची जोडवी तुटली तर दुसऱ्याकडून जोडून आणलीस. मी रागावलो होतो. लोकांना सांगायचो, बघा, मी याचा मान केला आणि हा फुगून बसला. कोणी म्हणायचं, अहो सोनार माणूस, सवयीने कडी लावली, त्याला काय ठाऊक. मी म्हणायचो, तेच ना. असं इतक्या वेळा म्हणालो की ते मला पाठ झालं. माझी आई गेली तेव्हा तू आलास. तिरडीला खांदा दिलास, गल्लीच्या तोंडापासून थेट तापीपर्यंत कोणाला बदली दिली नाहीस, त्या गुडघ्यावर. चिता पेटल्यावर माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास. मला वाटलं आता बोलशील. आता वाटतं, तू मी बोलायची वाट बघत होतास.

मग तुझं दुखणं. इंदूरला नेलं, परत आणलं, हे सगळं मला बाजारात कळायचं. तीनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत फिरलो. चौथ्यांदा वर आलो. वहिनींनी दार उघडलं आणि आत गेल्या. तू खिडकीजवळच्या खाटेवर होतास. एवढा बारीक झाला होतास की पांघरुणाखाली माणूस आहे असं वाटत नव्हतं. तू म्हणालास, "बस." मी बसलो.

"काम चालू आहे?"

"चालू आहे."

"डोळे?"

"जाडा चष्मा लागला."

एवढंच. मग तू माझ्याकडे बघत राहिलास. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाकडे चांगला मास्तर बघतो तसं, घाई न करता. आणि मी काय केलं तर केळीबद्दल बोललो. या वर्षी केळीवर कसा रोग पडला आहे, गाड्या कशा अर्ध्याच भरून जातात, यावर मी तुला अर्धा तास सांगितलं. ना माझी केळीची बाग, ना तुझी. तू शेवटपर्यंत ऐकलंस. उठताना तुझा हात हातात घेतला तर गरम होता. सहा दिवसांनी तू गेलास.

काल तुझं तेरावं झालं. मी गेलो. पंगतीत बसायच्या आधी वहिनींना भेटायला आतल्या खोलीत गेलो आणि दाराशीच म्हणालो, "वहिनी, मला कळवायचं तरी."

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्यांनी नव्हतं सांगितलं कळवू नका म्हणून. मीच नाही कळवलं."

पदर सारखा करून त्या पुढे म्हणाल्या,

"त्या दिवशी तुम्ही नाणं न्यायला आले, तेव्हा मी विचारलं होतं ना, ह्यांनी सांगितलं का? तुम्ही म्हटलं, हो, त्यांनीच सांगितलं. मी कपाट उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे निरोपाच्या कार्यक्रमाहून आले आणि मले विचारलं, केशव नक्की काय म्हणाला. मी सांगितलं. मग पुन्हा विचारलं, शब्द काय होते. पुन्हा सांगितलं. दोन वर्षांत किती वेळा विचारलं असेल. मले वाटायचं माझ्यावर भरवसा नाही यांचा."

"वहिनी, चूक झाली माझी."

"चूक झाली का, ते नाही विचारून राहिले मी. तुम्हाला माहीत होतं का?"

बाहेर पानं मांडल्याचा आवाज येत होता. कोणीतरी मला जेवायला हाक मारत होतं. मी वहिनींपुढे हात जोडले आणि बाहेर येऊन चपला घातल्या. त्या बाईने नवरा जाऊन तेरा दिवस झालेले असताना मला सरळ विचारलं आणि मी दुसऱ्यांदा पळालो.

म्हणजे तुला पहिल्याच संध्याकाळपासून ठाऊक होतं. मी खोटं सांगून नाणं नेलं, आणि ज्याला काही माहीत नाही तो खोटं कशाला बोलेल, एवढा हिशोब तू त्याच दिवशी केला असणार. माझ्याकडून तुला नवीन काही कळायचं नव्हतं. आईच्या चितेजवळ, खिडकीजवळच्या खाटेवर, तू फक्त मी ते तोंडाने म्हणावं म्हणून थांबला होतास. दोन वर्षं थांबलास. आणि लोकांना एकदाही सांगितलं नाहीस की केशवने खोटं सांगून घरातून नाणं नेलं. माझी गादी, माझं नाव, सराफ्यात जे काही आहे ते तू गप्प राहून राखलंस. यासाठी तुझे उपकार मानू की यासाठी तुझ्यावर रागावू, ते कळत नाही. राग येतोच आहे. एक शिवी दिली असतीस तर मी तिथेच कबूल केलं असतं.

उद्या सकाळी हे कागद घेऊन वहिनींकडे जाणार आहे. त्या दार उघडतील की नाही, सांगता येत नाही. उघडलं नाही तर पायरीवर बसेन. पण आधी तुला सांगतो, कारण प्रश्न तुझा होता.

निरोपाच्या आठ दिवस आधी एक म्हातारी सहा रुपये घेऊन माझ्याकडे आली होती. तिच्या आईचे, चांदीचे, कड्या लावायला. तू पायरीवर होतास. तू म्हणालास, "आजी, याच्या हातात नको देऊ. जीव घेते हा नाण्याचा." तू हसलास, मी हसलो. म्हातारी हसली नाही. तिने खरोखर रुपये पदरात बांधले आणि उठून गेली. माझ्या वडलांच्या गादीवर बसून, त्यांनी शिकवलेल्या कामाला तू जीव घेणं म्हणालास आणि गिऱ्हाइकाने ते मानलं. मी चहा मागवला. पण ते आत राहिलं. तुझ्या निरोपाला तुझ्या गळ्यात काहीतरी पडावं ही इच्छा खरी होती, यशवंता, त्यावर शंका घेऊ नकोस. ती घेऊनच मी वहिनींकडे गेलो. आणि तू जन्मभर ज्याला मेलेलं म्हणालास तेच तुझ्या गळ्यात घालावं, माझ्या हातचं, सगळ्यांसमोर, हेही तेवढंच खरं होतं. एकाच दुपारी, एकाच पाटावर बसून मी दोन्ही मनात धरलं होतं.

नाणं न मारता गळ्यात घालता येतं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. नाण्याच्या कडेभोवती चांदीच्या पट्टीची चौकट करायची, कडी त्या चौकटीला आधीच झाळून घ्यायची, आणि चौकट गार झाल्यावर नाणं तिच्यात नुसतं बसवायचं. नाण्याला जाळ लागत नाही, पाहिजे तेव्हा काढून ठेवता येतं. देवाच्या तसबिरी मी अशाच बसवतो, महिन्याला चार-पाच. त्या दुपारी मी आधी हात साबणाने धुतले होते. पट्टी कापली होती. नाण्याच्या मापाने गोल वाकवून, टोकं जुळवूनही झाली होती. दुपारचे तीन वाजले होते आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, म्हणजे वेळ नव्हता असंही नाही. ती पट्टी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मग ती बाजूला ठेवली, नाणं विटेवर ठेवलं आणि फुंकणी तोंडाला लावली.

हाव, यशवंता. मले माहीत होतं.